अठरा वर्षे वाकलेली बाई



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात एक बाई येते. तिचे नाव दिलेले नाही, वयही नाही. ती १८ वर्षे कमरेत वाकलेली होती, तिला सरळ उभे राहता येत नव्हते, एवढेच सांगितले आहे. शब्बाथाचा दिवस होता आणि ती सभास्थानात होती. ती त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे आली असेल असे वाटत नाही. म्हणजे कितीतरी शब्बाथ ती तशीच येत होती, मागे कुठेतरी बसत होती, जमिनीकडे पाहत घरी जात होती. तिने प्रभूला हाक मारली नाही, त्याच्या वस्त्राला हात लावला नाही, कोणी तिला खाटेवर घालून आणले नाही. प्रभूनेच तिला पाहिले आणि जवळ बोलावले.

खानापूर तालुक्यातल्या आणि बेळगावच्या आसपासच्या गावांतल्या वाचकांना ही बाई ओळखायला वेळ लागणार नाही. चाळीस-पन्नास पावसाळे गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपे लावलेली आजी मिस्साला येते तेव्हा तिची नजर वेदीपर्यंत पोहोचायला मान किती उचलावी लागते, ते आपण दर रविवारी पाहतो. पाहतो म्हणजे नजरेसमोरून जाते.

आम्ही काही स्वयंसेवक पहिल्या शुक्रवारी फादरांबरोबर किंवा सिस्टरांबरोबर आजारी माणसांच्या घरी जातो. ख्रिस्तप्रसाद, थोडी प्रार्थना, थोड्या गप्पा. या फिरण्यातून एक गोष्ट हळूहळू लक्षात येत गेली आणि तीच आज मांडायची आहे. म्हातारपण सगळ्यांना येते, पण बाईला आणि पुरुषाला ते एकाच वाटेने येत नाही. धर्मग्रामातली आपली सेवा मात्र दोघांसाठी एकच ठेवलेली असते. त्यात दोघांचेही काहीतरी सुटते, आणि बाईचे जास्त सुटते.

बाया जास्त जगतात हे खरे आहे. आपल्या देशात साठी गाठलेला पुरुष सरासरी आणखी साडेसतरा वर्षे जगतो, तर साठी गाठलेली बाई १९ वर्षे. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या दर १००० पुरुषांमागे १०३३ स्त्रिया होत्या. ज्या देशात मुलीच कमी मोजल्या जातात, तिथे म्हातारपणी हा हिशेब उलटा होतो. यावर लोक सहज म्हणतात, ‘बायकांचे बरे आहे, त्या चिवट असतात.’ हा चिवटपणाच आपल्याला फसवतो. जास्तीची वर्षे मिळतात, पण त्यांतली बरीचशी दुखण्यात जातात. पुरुषाला हृदयविकार किंवा पक्षाघात लवकर गाठतो आणि पुष्कळदा घेऊनच जातो. बाईला जडणारी दुखणी जीव घेत नाहीत, पण जगणे आकसून टाकतात. गुडघे, कंबर, मणका, डोळे, रक्त कमी असणे, झोप न लागणे, मनाची उदासी. अशा दुखण्यांसाठी रुग्णवाहिका येत नाही आणि मुलगा पुण्याहून गाडी काढून धावत येत नाही.

यामागची कारणे गूढ नाहीत. पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. पुरुषांची हाडेही झिजतात, पण उशिरा आणि सावकाश. त्यामुळे न्हाणीघरात पाय घसरला तर आजोबा कमरेला तेल चोळून उठतात, आजीचे खुब्याचे हाड मोडते आणि त्यानंतर ती अंथरुणाची होते. चुलीचा धूर आयुष्यभर बाईनेच गिळलेला असतो, म्हणून कधी विडी न ओढलेल्या बायांनाही दमा-खोकल्याचा जुनाट विकार होतो. मिश्री लावण्याची सवय आपल्याकडच्या कितीतरी आजींना अजून आहे आणि ती तंबाखूच आहे, हे कोणी त्यांना प्रेमाने समजावत नाही. जेवायला शेवटी बसायचे, उरलेले खायचे, हा नियम सत्तरीतही सुटत नाही. मोतीबिंदूचेही तसेच. तो बायांमध्ये जास्त आणि शस्त्रक्रिया त्यांच्या वाट्याला कमी. आजोबांना पेपर वाचता येईना की घरात हालचाल होते. आजीला तांदळातले खडे दिसेनासे झाले की सून तांदूळ निवडायला घेते आणि विषय संपतो.

तब्येत विचारली की पुरुष तक्रारींची यादी सांगतो, हे तुम्हीही पाहिले असेल. बाई म्हणते, ‘बरी आहे मी. देवाची कृपा.’ आणि लगेच विचारते, ‘चहा टाकू?’ देवाची कृपा आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते वाक्य उत्तर म्हणून धरू नये. ते दार हळूच लोटून घेण्यासारखे असते. त्यातून घरात मुलगा, सून, नातवंडे ऐकत असतील तर तिने दुसरे काय म्हणावे? म्हणून आमच्यात आता असे ठरले आहे की दोघे-तिघे एकत्र गेले तरी आजीजवळ एका बाईने थोडा वेळ एकटे बसायचे. उशी नीट करायला, केस विंचरायला, काहीही निमित्त चालते. पुष्कळदा दहा मिनिटे काही होत नाही. मग हळूच एखादे वाक्य येते.

बऱ्याच वेळा ते वाक्य एकाच दुखण्याबद्दल असते आणि आपल्या भक्तिपर लेखांत त्याचे नाव कधी आलेले नाही, म्हणून इथे घेतो. खोकला किंवा शिंक आली की लघवी सुटणे. अंग बाहेर येणे. अनेक बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच उचललेल्या घागरी आणि भाताची ओझी, मग पाळी जाणे, यांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात आणि हे होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि पापाचा तर प्रश्नच नाही. पण बाई ते कोणाला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. ती फक्त तिचे दिवस लहान करत जाते. आधी लांबचा प्रवास बंद, मग लग्नकार्ये बंद, मग रोझरीला शेजारच्या घरी जाणे बंद. शेवटी मिस्सा बंद.

‘त्या हल्ली येत नाहीत, भक्ती कमी झाली असेल,’ असे कोणी बोलले की वाईट वाटते. सणाच्या मिस्साला सव्वा ते दीड तास लागतो. प्रवचन, मिरवणूक, शेवटी सूचना. चर्चच्या आवारातले स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी मागच्या बाजूला, पायऱ्या उतरून, शेवाळलेल्या फरशीवरून जावे लागते अशा जागी असते. कमोड नसतो, आधाराला दांडा नसतो. यावर बायांनी आपापले उपाय काढलेले आहेत. शनिवारी रात्रीपासून पाणी पीत नाहीत. रविवारी सकाळची रक्तदाबाची गोळी चुकवतात, कारण तिने लघवी जास्त होते. पाणी न पिण्याने जळजळ आणि जंतुसंसर्ग, गोळी चुकवल्याने रक्तदाब वर. ख्रिस्तप्रसाद घ्यायला येण्यासाठी एवढी किंमत मोजणाऱ्या बाईची भक्ती कमी झाली असे कोणी म्हणू नये. शेवटच्या बाकावर दाराजवळ बसणाऱ्या आजींकडेही या नजरेने पाहा. प्रत्येक वेळी ती नम्रता असते असे नाही.

आणि यावर उपाय असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे साधे व्यायाम आहेत, ते शिकवता येतात आणि नेमाने केल्यास पुष्कळ बायांना फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर आधाराची रिंग बसवता येते, गरज पडली तर शस्त्रक्रियाही आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ फक्त लेकुरवाळ्या बायांसाठी असते हा समज मोडायला हवा. आमच्या मते चर्चच्या वार्षिक सणाला मंडप आणि बँडवर जो खर्च होतो, त्यातला एक भाग काढून सपाट वाट, दांडा आणि कमोड असलेले एक स्वच्छतागृह आधी बांधावे. घंटेच्या मनोऱ्याला रंग नंतरही देता येईल. हा भक्तीचा विषय आहे का, असे विचारणारे भेटतात. बैल आणि गाढव शब्बाथाला पाण्यावर सोडता की नाही, हा प्रभूचा प्रश्न त्यांनी पुन्हा वाचावा.

पेत्राच्या सासूची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ताप उतरला आणि ती उठून पाहुण्यांची सेवा करू लागली. यावरची प्रवचने नेहमी तिच्या सेवाभावावर असतात आणि ते योग्यच आहे. पण आपल्या घरांत ही गोष्ट सोयीने वाचली जाते. ताप उतरायच्या आधीच तिने उठावे अशी अपेक्षा असते. साठी ओलांडलेली बाई एकाच वेळी नव्वदीच्या सासूचे अंथरूण बदलते, नवऱ्याची इन्सुलिनची सुई देते आणि गोव्यात किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीची मुले सांभाळते. पुरुष निवृत्त होतो. बाई कधी निवृत्त झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आणि जिने सगळ्यांचे केले, तिचे करायची वेळ येते तेव्हा करणारा नवरा बहुतेकदा आधीच गेलेला असतो. भारतातल्या वृद्धांचा जो मोठा अभ्यास २०१७-१८मध्ये झाला, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ७२ हजारांहून अधिक माणसांना भेटून केलेला, त्यातही हेच दिसते. साठीपुढच्या बायांत निम्म्याहून अधिक विधवा आहेत. पुरुषांत विधुर साधारण सहांत एक. लग्नात नवरा वयाने मोठा असतो आणि पुरुष आधी जातो, या दोन साध्या गोष्टींचा हा परिणाम.

वैधव्य आले की प्रश्न तब्येतीचा राहत नाही, तो कागदाचा होतो. आणि कागदाचा प्रश्न पुन्हा तब्येतीत उतरतो, कारण जिच्या हातात पैसा नाही तिला डॉक्टरकडे जायला मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना केंद्राच्या पेन्शनमधून ८० वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये आणि त्यानंतर ५०० रुपये मिळतात. राज्ये त्यात आपली भर घालतात. सीमाभागातल्या आपल्या आजींची अडचण आणखी वेगळी. कार्यालयातला अर्ज कानडीत, तिला येते मराठी, आणि तीही बोलता येते, वाचता नाही. अंगठा कुठे उठवायचा ते दुसरा दाखवतो. इथे भाषेचे राजकारण आम्हाला करायचे नाही. चर्चमध्ये कानडी लिहिता-वाचता येणारी कितीतरी तरुण मुले आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी मिस्सानंतर एक टेबल मांडून बसावे, एवढेच म्हणणे आहे.

अंगठ्यावरून आठवले. नवऱ्याचे तेराव्या-चाळिसाव्या दिवसाचे विधी होतात न होतात, तोच ‘आई, इथे सही कर’ असे म्हणत कोणीतरी कागद पुढे करते. तो पुष्कळदा हक्कसोडपत्राचा असतो. आपल्या किती बहिणींना ठाऊक आहे की मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस वारला आणि मुले असली, तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या मालमत्तेचा एकतृतीयांश भाग विधवेचा असतो? उरलेला दोनतृतीयांश मुलगे आणि मुली यांच्यात सारखा वाटला जातो. गोव्यातल्या आपल्या बांधवांकडे कायदा वेगळा आहे. तिथे लग्नाच्या वेळी दुसरे काही ठरवले नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात आणि निम्मी मुळातच तिची असते. घर मुलाच्या नावे करायचेच असेल तर त्याने सांभाळ करावा ही अट दस्तात लिहून घ्यावी. मग सांभाळ झाला नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याखाली तो दस्त रद्द करून मागता येतो. आईने मुलावर विश्वास ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण चांगल्या मुलाला अट लिहायला हरकत वाटत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

आता पुरुषांकडे येऊ. त्यांचे दुःख बारीक आहे असे कोणी समजू नये. ते वेगळ्या जागी लपलेले असते. योहानच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून राहिलेला एक माणूस आहे. बरे व्हायचे आहे का असे प्रभू त्याला विचारतो, तेव्हा तो सरळ हो म्हणत नाही. आपल्याला पाण्यात उतरवायला कोणी माणूस नाही, अशी तक्रार सांगतो. निवृत्त पुरुषाचे दुखणे नेमके हेच आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा फौजेत ३० वर्षे काढली, ओळखी सगळ्या कामाच्या. काम संपले, ओळखी संपल्या. नातेवाइकांचे येणे-जाणे, शेजाऱ्यांचे हवे-नको, फादरांना जेवायला बोलावणे, हे सगळे बायको सांभाळत होती. ती गेली की घराचे दारच बंद होते. बायको गेल्यानंतरच्या काळात नवरा मरण पावण्याचा धोका वाढतो आणि हा धोका विधवांपेक्षा विधुरांत जास्त असतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. त्याला चहा करता येत नाही, गोळ्या कोणत्या वेळच्या ते ठाऊक नाही, रडता येत नाही. संध्याकाळी बाटली जवळची वाटते. त्यालाही लपवायचे दुखणे असते, प्रोस्टेटचे. रात्री चार-पाच वेळा उठतो आणि वय झाले म्हणून सोडून देतो.

बाई विधवा झाली तर शेजारच्या बाया डबा घेऊन येतात, रोझरीला बोलावतात. विधुराकडे कोण जाते? त्याला रोझरीच्या गटात बसायला अवघड वाटते आणि आपले बहुतेक गट बायकांनीच चालवलेले असतात. अशा माणसाला ‘कसे आहात’ विचारून उपयोग होत नाही. त्याला काम द्यावे लागते. चर्चच्या खुर्च्या दुरुस्त करणे, कबरस्तानातल्या नोंदी लावणे, मुलांना सायकलचे पंक्चर काढायला शिकवणे. हात चालू झाले की तोंड उघडते. आणि ज्यांच्या पत्नी अजून आहेत त्या बंधूंना एक सांगणे: वरणभात शिजवायला आता शिकून घ्या. तिच्यावर उपकार म्हणून नाही, तुमच्यासाठी.

एक आक्षेप येतो तो बाजूला सारता येत नाही. दुखणे म्हणजे क्रूस, तो प्रभूसाठी सोसायचा. सोसण्याला अर्थ असतो, हा आपला विश्वास आहे आणि अंथरुणावरून साऱ्या धर्मग्रामासाठी प्रार्थना करणाऱ्या आजींनी तो आम्हाला शिकवला आहे. पण हा उपदेश कोणाला केला जातो ते पाहा. आजोबांच्या छातीत कळ आली तर त्यांना क्रूस आठवून देत नाहीत, रिक्षा बोलावतात. क्रूस आजीच्या गुडघ्यांच्या वाट्याला येतो. वाकलेल्या बाईला प्रभूने आणखी सोस असे सांगितले नाही. तिला आब्राहामाची कन्या म्हटले, तेही साऱ्या सभेसमोर, आणि सभास्थानाचा अधिकारी रागावला तरी थांबला नाही.

आपल्या मंडळीचा इतिहासही इथूनच सुरू होतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६व्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती समाजातला पहिला मोठा तंटा आहे आणि तो म्हाताऱ्या बायांच्या जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. भाषा वेगळी म्हणून डावलणे तेव्हाही होते. प्रेषितांनी प्रवचन देऊन विषय संपवला नाही, सात माणसे नेमली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांची यादी ठेवायची आणि तिच्यात ६० वर्षांखालची नको असे सांगितले आहे. सरकारची ज्येष्ठ नागरिकाची मर्यादाही तीच आहे. आपल्याकडे कोणाच्या चर्चमध्ये अशी यादी आहे? दानपेटीचा हिशेब पैशापैशाने ठेवला जातो.

जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा म्हणून पाळावा असे पोप फ्रान्सिस यांनी २०२१मध्ये ठरवले. आपल्याकडे त्या दिवशी मुले गुलाब देतात, शाल पांघरतात, फोटो काढतात. शाल असू द्या. यंदा त्याबरोबर आणखी काही करायचे योजले आहे. दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये रक्तदाब, साखर आणि डोळे तपासले जातील. बायांसाठी शाळेची खोली वेगळी ठेवली आहे, तिथे डॉक्टर बाईच असतील आणि दाराशी सून-मुलगा थांबणार नाही. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारतचे कार्ड काढून दिले जाईल. ऑक्टोबर २०२४पासून हे कार्ड उत्पन्न न पाहता मिळते आणि त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. मात्र ते इस्पितळात भरती झाल्यावरचे. चष्मा किंवा रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, म्हणून त्यासाठी वेगळी पेटी ठेवत आहोत. घरात त्रास असेल आणि तोंडाने सांगणे जमत नसेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा फोन क्रमांक प्रत्येकाला चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून देऊ.

पावसाचे दिवस आहेत, आवारात निसरडे असते. गावाकडून येणाऱ्यांसाठी गाडी पाठवतो आहोत, तिची वेळ आदल्या रविवारी वाचून दाखवू. आधार कार्ड आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. सकाळची गोळी घेऊनच या. हॉलच्या मागचे नवे स्वच्छतागृह तोपर्यंत सुरू झालेले असेल, दांडा बसवायचे काम तेवढे राहिले आहे.